बटण पडत नाही

४ मार्च

अहो,

पत्राला उशीर झाला म्हणून रुसून बसला असाल. तुम्हाला तिथे रुसायला तरी वेळ आहे, मला इथे नाक खाजवायला फुरसत नाही. दोन हॉटेलांच्या चादरी आणि अभ्रे आता आपल्याकडे येतात. मागच्या खोलीत दोन वाफेच्या इस्त्र्या समोरासमोर चालतात, एक माझी आणि एक शेजारच्या शिवणवाल्या ताईंची. त्यांचं शिवणाचं काम बसलंय, म्हणून दिवसभर माझ्याकडेच असतात. शिवाय डाग काढायला गरम पाणी लागतं, तेव्हा बादलीत रॉड टाकलेला असतोच. तुम्ही असतात तर डोक्याला हात लावला असता.

आई बऱ्या आहेत. गुडघे कुरकुरतात, त्या माझ्यावर कुरकुरतात, म्हणजे सगळं ठीक आहे. त्यांचा पलंग मी मधल्या खोलीत भिंतीला लावलाय, म्हणजे मला काम करता करता त्या दिसतात.

आता खरी बातमी. आपण सोलर घेतलं. गल्लीत एक जण टेम्पो घेऊन आला होता. पॅनेल बाल्कनीच्या कठड्याला बांधायचं, मागून वायर निघते, मध्ये एक डबी असते आणि टोकाला साधा तीन पिनांचा प्लग. तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसला की घरात वीज. अर्ज नको, माणूस नको. मी म्हटलं, माझे मालक वायरमन आहेत, त्यांना विचारून सांगते. तो म्हणाला, ताई, फ्रिज लावताना विचारता का? तेव्हा दोन घेऊन टाकली. बिल एकदम खाली आलं.

आणि गंमत म्हणजे तुमचं ते बोर्डावरचं बटण. आठवतं का, ते पडलं की तुम्ही घरात कोर्ट भरवायचात. कुणी काय लावलं होतं, आधी कबूल करा, का पडलं ते कळल्याशिवाय वर करायचं नाही. आम्ही अंधारात उभे आणि तुम्ही बॅटरी घेऊन उलटतपासणी करताय. पॅनेल यायच्या आधी दोन इस्त्र्या आणि रॉड एकत्र चालला की ते हटकून पडायचं. आता पडतच नाही. ऊन असलं की दिवसभर छाती काढून उभं असतं. ढगाळ दिवशी मात्र जुनी खोड आठवते त्याला. तुम्हाला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते टेम्पोवाल्याने करून दाखवलं, असं मी आईंना म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

गेल्या तारखेला मी आणि आई कोर्टात होतो. तुम्ही तुरुंगातून पडद्यावर दिसत होतात, आम्ही तुम्हाला दिसत नव्हतो. सरकारी तज्ज्ञ म्हणाले, गाद्यांचं दुकान जळून कोळसा झालं तरी बोर्डावरचं बटण वरच होतं, म्हणजे वायरमनने नकली माल बसवला. पोटमाळ्यावर झोपेतच जळून गेलेल्या त्या कामगाराची बायको माझ्याच बाकावर बसली होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. तुम्ही त्या दिवशी वीज दुसऱ्या बाजूने आली वगैरे सांगत होतात, ते मला कळत नाही, आणि कळल्यासारखं तोंड करणं मला जमत नाही. तेव्हा त्यावर काही लिहीत नाही.

जेवत जा.

तुमची,
घरची


१३ मार्च

अगं,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि लगेच लिहायला बसलोय. आधी काम, मग बाकीचं. हे वाचलंस की उठ आणि पॅनेलांचा प्लग काढून टाक. आधी इस्त्र्या आणि रॉड बंद कर, मग पॅनेलांचा प्लग ओढ, मग पॅनेलांवर जाड चादर टाक. पुन्हा लावू नकोस. कुणी काहीही सांगो.

बटण पडत नाही ही आनंदाची बातमी नाही. ते पडायला हवं. ऊन असलं की पडत नाही आणि ढग आले की पडतं, हे तूच लिहिलंयस. बटणाला तेवढीच वीज दिसते जी त्याच्यातून जाते. तुझी पॅनेलं बटणाच्या पुढे वीज ओततात, ती त्याला दिसत नाही. पण वायरीला ती सगळी सोसावी लागते.

नीट कळावं म्हणून खाली घराची आकृती काढलीय. डाव्या हाताला बोर्ड, मग बाल्कनीचं सॉकेट, तिथून मधल्या खोलीच्या भिंतीतून जाणारी वायर आणि शेवटी मागची खोली. जिथे मोठी फुली मारलीय तिथे वायर तापणार. ती फार जुनी आहे. लोकांच्या घरच्या वायरी बदलत हिंडलो, आपली आज करू उद्या करू म्हणत राहून गेली.

दुकानातही हेच झालं. माझं काम संपल्यावर मालकाने छपरावर असलीच पॅनेलं टाकून प्लग आत खुपसले. मी नंतर बिलाच्या कामाला गेलो होतो तेव्हा डोळ्यांनी पाहिली आणि काढा म्हणून सांगून आलो. आगीनंतर छप्पर रिकामं, मालकाने पॅनेलं गुपचूप उतरवून टाकली. मी कोर्टात घसा फोडून हेच सांगतोय.

पण ते राहू दे. तू प्लग काढ आणि काढला असं एका ओळीचं पत्र टाक. तोवर माझ्या जिवाला चैन नाही.

तुझा,
आतला


२६ मार्च

अहो,

तुमचं पत्र नाही. आठवड्याचा फोन येतो तोही आला नाही. मी मोबाइल इस्त्रीच्या टेबलावर ठेवून बसते, ताई म्हणतात, एक दिवस त्याचीही घडी घालून ठेवशील. टेम्पोवाल्याचं लिहिलं ते लागलं का तुम्हाला? थट्टा होती. तुमच्याशी थट्टा नाही करायची तर कुणाशी करायची? गल्लीतले लोक माझ्याशी आता जपून बोलतात, काच हातात असल्यासारखे.

काम वाढलंय. तिसरं हॉटेलही मिळालं, म्हणून आणखी दोन पॅनेलं घेतली. आता चार झाली. बाल्कनीत एकच सॉकेट, तेव्हा एक्स्टेंशन बोर्ड लावून चारही त्यात बसवली. त्याच दिवशी दोन्ही इस्त्र्या, रॉड आणि ताईंचं मशीन, सगळं एकदम चालवून बघितलं. बटण हललं नाही. ताईंनी त्याला नमस्कार केला.

आईंचं एक सांगायचं राहिलं. त्यांची पाठ हल्ली बरीच मोकळी झालीय. दुपारी पलंगावर बसून भिंतीला टेकतात. म्हणतात, ही भिंत शेकत ठेवल्यासारखी उबदार असते, कुणीतरी पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसलंय असं वाटतं. बाहेरच्या उन्हाने तापत असेल. मी उशी द्यायला गेले तर म्हणाल्या, मध्ये उशी नको, ऊब लागत नाही. इतकी वर्षं मलमं चोळली त्याने जे झालं नाही ते भिंतीने केलं.

तुम्ही बरे आहात ना? दोन ओळी लिहा. शिव्या द्यायच्या असल्या तरी लिहा.

तुमची,
घरची


५ एप्रिल

अगं,

माझं आधीचं पत्र तुला मिळालेलंच नाही. मला ते आज कळलं. इथे बाहेर जाणारं प्रत्येक पत्र वाचणारे एक साहेब आहेत. त्यांनी माझी आकृती पाहिली. एका घराचा नकाशा, त्यात वायरी आणि म्हातारी झोपते त्या खोलीच्या भिंतीवर मोठी फुली. त्यांना वाटलं मी कुठेतरी काहीतरी उडवायचा बेत कळवतोय. पत्र अडकवून ठेवलं आणि फोनही बंद केला. मी इतके दिवस तुझ्या एका ओळीची वाट बघत होतो आणि तू माझी.

मी साहेबांसमोर हात जोडले. म्हटलं, तुम्हीच फोन करा माझ्या घरी, फक्त प्लग काढा एवढंच सांगा. ते म्हणाले, ज्याच्या वायरीने दुकान जळलं तो आता लोकांना आग कशी टाळायची ते शिकवणार. शिपाई हसले. वकीलबाईंना निरोप ठेवलाय, पण त्या पुढच्या तारखेच्या आत यायच्या नाहीत.

आता आकृती काढायला बंदी आहे, तेव्हा शब्दांत सांगतो. हे पत्र तरी पोचू दे.

बटण म्हणजे दारावर बसवलेला माणूस आहे असं समज. समोरच्या दारातून किती लोक आत जातात ते तो मोजतो आणि खोलीला झेपणार नाहीत इतके झाले की दार लावतो. पॅनेल लावलंस म्हणजे तू बाजूचं एक दार उघडलंस. त्या दारातून किती लोक आत चाललेत ते त्याला दिसत नाही. आत चेंगराचेंगरी झाली तरी तो समोरच्या दाराशी निवांत बसलेला असतो, कारण त्याचा आकडा बरोबर आहे. बटण बिघडलेलं नाही, ते त्याचं काम करतंय. पण तुझी वायर मरतेय.

आणि ती कुठे मरतेय ते तुझ्याच पत्रात आहे. आईची भिंत. ती भिंत घराच्या आतली आहे गं, तिच्या पलीकडे जिना आहे, तिच्यावर ऊन पडतच नाही. उन्हाने तापेल कशी? आई ज्याला टेकून बसते त्याच्या आत, दोन बोटांवर, ती वायर आहे. बाल्कनीकडून येणारी आणि मेनमधून येणारी सगळी वीज तिथूनच मागच्या खोलीत जाते. 

आईला तिथून उठव. आधी इस्त्र्या बंद, मग पॅनेलांचा प्लग. माझ्यावर विश्वास नसेल तर भिंतीला हात लावून बघ.

तुझा,
आतला


१३ एप्रिल

अहो,

पत्र मिळालं. तुमचा फोन बंद केल्याचं वाचून रडू आलं. एकदा रडून घेतलं आणि मग राग आला, तोही लिहून टाकते, कारण पोटात ठेवला तर पत्र खोटं होईल.

तुम्ही सांगितलंत तसा भिंतीला हात लावला. काम आवरलं, इस्त्र्या बंद केल्या, ताई घरी गेल्या, आईंना जेवायला वाढलं आणि मग दोन्ही तळवे टेकवून उभी राहिले. काही नाही. थोडी कोमट असेल, पण आपल्याकडे या दिवसांत पिण्याचं पाणीही कोमट असतं. आई म्हणाल्या, काय शोधतेयस? मी म्हटलं, तुमच्या मुलाची भीती शोधतेय.

पॅनेलवाल्यालाही बोलावून विचारलं. तो म्हणाला, त्या डबीत सगळी सोय आहे, लाइट गेले की डबी आपोआप बंद होते. मी मुद्दाम मेन पाडून बघितला. खरंच बंद झाली. मग सांगा, धोका कशाचा?

तुम्ही म्हणाल, दुकानात हेच झालं. अहो, तुमचं सगळं तिथेच येऊन थांबतं. मला कधीकधी वाटतं, तुमच्या केसला आधार मिळावा म्हणून तुम्ही माझ्या घरात आग शोधताय. तुम्ही नसताना हे घर उभं राहिलं, बटण पडायचं बंद झालं, हातात चार पैसे आले, ते मी काढून टाकू? कशाच्या जोरावर? इस्त्री एक केली तर एक हॉटेल जाईल, आणि वकीलबाई काही फुकट उभ्या राहत नाहीत.

मी तुम्हाला एक गोष्ट कधी विचारली नाही. तुम्ही आत गेलात त्या दिवसापासून ती माझ्या जिभेवर आहे. आजही विचारत नाही. पण तुम्ही इतक्या खात्रीने लिहिता तेव्हा ती जास्त टोचते, एवढंच सांगते.

आईंना पलंग हलवू का विचारलं. त्या म्हणाल्या, पाठीला आराम आहे, राहू दे.

तुमची,
घरची


२१ एप्रिल

अगं,

तुला जे विचारायचंय ते विचार. त्या कामगाराला मारलंत का म्हणून विचार, नकली माल लावलात का म्हणून विचार, मी उत्तर देईन. पण नंतर. त्यासाठी तुम्ही दोघी जिवंत हव्यात.

चूक माझी झाली. हात लावून बघ म्हटलं, कधी ते लिहिलं नाही. तू कामं आवरून हात लावलास. तेव्हा इस्त्र्या बंद, ऊन गेलेलं, वायरीत काहीच नाही. ती गारच लागणार. इतकं साधं सुचलं नाही मला. माझ्या डोक्यात भिंत सतत तापलेलीच होती.

भर दुपारी लाव. लख्ख ऊन असताना, दोन्ही इस्त्र्या आणि रॉड चालू असताना, आई जिथे पाठ टेकते त्याच जागी. ताईंना म्हणावं तुम्हीही लावा. माझ्या शब्दावर नको जाऊस, तुझ्या हाताच्या सांगण्यावर जा.

पॅनेलवाला खोटं बोलला नाही. ती डबी लाइट गेल्यावर बंद होते, कारण बाहेर खांबावर चढलेल्या माणसाला धक्का बसू नये. ती सोय त्याच्यासाठी आहे. तुझ्या भिंतीसाठी नाही. लाइट असताना ती वीज ओततच राहणार आणि वायर किती तापलीय ते तिला कळणार नाही, बटणालाही नाही. घरात ते कळणारी एकच गोष्ट आहे, आईची पाठ.

केसचं म्हणालीस. इथे बराकीत एक जण आहे, त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, कशाला पत्रं लिहितोस, जळू दे, त्याच रीतीने जळालं की तुला सोडतील. मी त्याच्या अंगावर धावून गेलो, म्हणून आता मला वेगळं ठेवलंय. मला जन्मभर इथे ठेवा, पण तो प्लग काढ. दुसरं काही मागत नाही तुझ्याकडे.

उठ. इस्त्र्या, मग प्लग, मग मेन.

मी


२ मे

अहो,

हे अक्षर शिवणवाल्या ताईंचं आहे. मी सांगतेय, त्या लिहितायत. माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत. ताई मध्येच रडतात आणि शाई पसरते, सांभाळून वाचा. आधीच सांगते, आई आहेत. हॉस्पिटलात आहेत, पण आहेत.

तुमचं पत्र भर दुपारी आलं. मी इस्त्री आडवी टाकून दाराशी गेले आणि उभ्या उभ्या वाचलं. आत ताईंची इस्त्री चालू होती, रॉड चालू होता, बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं. तुम्ही सांगितलेली वेळ आयतीच हातात आली होती. मी पत्र तसंच मुठीत धरून मधल्या खोलीत गेले. आई भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. त्यांच्या खांद्याशेजारी मी तळवा ठेवला आणि लगेच काढला. तिथे हात ठेववत नव्हता. तेव्हा वास आला. पलंगामागून, प्लॅस्टिक वितळल्यासारखा.

मी ओरडून ताईंना इस्त्र्या आणि रॉड बंद करायला सांगितलं आणि बाल्कनीत धावले. चारही पॅनेलांचा बोर्ड एका हिसक्यात ओढून काढला. तेवढ्या वेळात, अहो, मी बाल्कनीत गेले तेवढ्याच वेळात गादीच्या कडेने पेट घेतला. आत किती वेळ धुमसत होती कोण जाणे. मी परत आले तेव्हा आई उठायचा प्रयत्न करत होत्या आणि त्यांचे गुडघे उठत नव्हते. त्यांची साडी पाठीमागून पेटली होती. मी त्यांना मिठी मारून ओढलं, जमिनीवर लोळवलं, हातांनी विझवलं. ताईंनी धुवायच्या सगळ्या ओल्या चादरी आणून टाकल्या. हॉटेलच्या चादरींनी जीव वाचवला.

आईंची पाठ भाजलीय. बरीच. त्या पालथ्या असतात, दुखतं तेव्हा उशीचा कोपरा तोंडात धरतात. डॉक्टर म्हणतात, या वयात काही सांगता येत नाही. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. जिथे त्यांना ऊब लागायची तिथेच भाजलंय.

तुम्ही चार वेळा लिहिलं असतंत तरी मी पाचव्यांदा पॅनेलवाल्यालाच विचारलं असतं. तुम्ही माझ्यासमोर जीव काढून ठेवत होतात आणि मी तुमच्या मनात काय आहे ते शोधत बसले. माझ्या हातांच्या पट्ट्या सोडतात तेव्हा मी ओरडत नाही. मला वाटतं एवढं तरी सोसावं.

आता जे सांगायचं ते नीट वाचा. आग विझल्यावर शेजारचे धावत आले, जिन्याखालचा मेन पाडला. मग एक जण बोर्डाकडे गेला, बटणंही पाडतो म्हणाला. आपल्या त्या बटणाला हात घालणार, तेवढ्यात आई जमिनीवरून बोलल्या. पालथ्या, अंगावर ओली चादर, धुराने आवाज बसलेला. मला वाटलं पाणी मागतायत.

त्या म्हणाल्या, "त्याला हात लावू नका. माझा मुलगा त्या बटणापायी आत आहे. ते का पडलं नाही, ते सगळ्यांना बघू दे."

तो माणूस थबकला. मी वर बघितलं. भिंत काळी, पलंग काळा, छतापर्यंत काजळी, आणि बटण वर. एक केसभरही हललेलं नाही. तज्ज्ञ कोर्टात दाखवत होते ना, अगदी तसं. त्या दिवशी आई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मला कळलं नव्हतं, त्यांना कळलं होतं, आणि मी त्यांना कधी विचारलंच नाही.

जे माझ्या जिभेवर होतं ते आता राहिलं नाही. तुम्ही नकली माल लावला नव्हता. तुम्ही त्या माणसाला मारलं नाही. हे मी आधी म्हणायला हवं होतं, कुठलीही भिंत जळायच्या आधी.

वकीलबाई येऊन गेल्या. पॅनेलं, प्लग, फोडलेल्या भिंतीतली वायर, सगळ्याचे फोटो काढले. त्या म्हणतात, दुकानाच्या छपरावर पॅनेलं होती हे अजून सिद्ध करायचंय, याने सगळं होईल असं नाही, पण तज्ज्ञांना आपल्या घरी आणता येईल. अर्ज केलाय. घरमालकाला भिंतीवर गिलावा मारून रंग द्यायची घाई झालीय, रोज माणूस घेऊन येतो. मी दाराला कुलूप लावलंय आणि किल्ली आईंच्या उशाखाली ठेवलीय. मी आणि ताई हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आळीपाळीने बसतो. हॉटेलांचं काम गेलं, ते जाऊ दे.

आई शुद्धीवर असल्या की एकच विचारतात, आणि मला रोज ताईंना घरी पाठवून, दाराच्या फटीतून बघून यायला लावून उत्तर द्यावं लागतं. म्हणून तुम्हालाही कळवते. बटण अजून वर आहे.

तुमची,
घरची